इसार दिला म्हणजे डोळे गहाण टाकले नाहीत

फौजेत क्वार्टर ताब्यात घेताना आपण काय करतो ते आठवा. एमईएसचा माणूस यादी घेऊन उभा असतो. पंखे किती, ट्यूबलाइट किती, कुठला नळ गळतो, कुठल्या खिडकीची काच तडकलेली आहे. मार्चिंग-इनच्या त्या कागदावर आपली सही होण्याआधी घरातली बाई प्रत्येक नळ फिरवून बघते, प्रत्येक कडी लावून बघते. तिला ठाऊक असतं की दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग आली की मार्चिंग-आउटला हाच कागद पुढे येणार, आणि काच तडकलेली आहे असं आधी लिहून घेतलं नसेल तर बॅरेक डॅमेज म्हणून तिचे पैसे आपल्याच खिशातून जाणार.

एका काचेसाठी एवढी दक्षता. आणि हाच माणूस अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपवून, ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स आणि विकलेली पेन्शन असं सगळं एका जागी गोळा करून नव्वद लाखांचं जुनं घर घ्यायला निघतो तेव्हा काय बघतो? दरवाजा पूर्वेला आहे का. गाडी आत लागते का. कॅन्टीन आणि एमएच किती लांब. शेजारी कोण. झालं, इसार देऊन मोकळा.

मी सॅपर. खडकीला शिकलेला. त्यामुळे जिथे पोस्टिंग होईल तिथे सुट्टीच्या दिवशी कोणीतरी दारात येऊन म्हणतंच, "साहेब, एक घर बघितलंय, जरा नजर टाकायला चला." त्यांना वाटतं, पूल बांधणाऱ्याला घरातलं सगळं कळतं. मला थोडंफार कळतं, पण मी प्रत्येकाला हेच सांगतो की माझी नजर फुकट आहे आणि तिची किंमतही तेवढीच आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, त्याची फी द्या, त्याच्याकडून लेखी रिपोर्ट घ्या. दहातले नऊ जण बोलवत नाहीत. जो एक बोलवतो त्याचं पुढे काय होतं, ते या वेळी सिकंदराबादला जवळून पाहिलं, आणि त्यावर ग्रुपमध्ये जी चर्चा झाली ती वाचून हे लिहायला बसलो.

सिकंदराबादचा सैनिकपुरी, यापराल हा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. गल्लीगल्लीत निवृत्त फौजी. तिथे सांगलीकडचे एक सुभेदार साहेब, ईएमईचे, निवृत्तीला चार महिने राहिलेले, घर घेत होते. मुलगी तिथेच शिकते म्हणून गावी न जाता तिथेच राहायचं ठरवलेलं. घर १९९६ सालचं, तळमजला आणि वर दोन खोल्या. विकणारेही माजी सैनिक, उत्तरेकडचे. सौदा ९२ लाखांना ठरला आणि २ लाख इसार दिला. मग मी मागे लागलो म्हणून इंजिनिअर आला. तपासण्यांसकट फी १८ हजार.

त्याने सुरुवात साध्या हातोडीने केली. स्लॅबच्या खालून ठोकत निघाला. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. हे कान असलेल्या कुणालाही कळतं. वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली स्वयंपाकघर, तिथे जवळजवळ सगळा स्लॅब बद्द. मालकाची परवानगी घेऊन हातभर प्लॅस्टर काढलं तर आतली सळई पापुद्रे सुटलेली. मग त्याने ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन मारलं. हे बघण्यासारखं असतं. काँक्रीटमधला क्षार शाबूत असेल तर ते क्षणात गुलाबी होतं. क्षार हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मेलेला असेल तर रंगच येत नाही, आणि अशा काँक्रीटमधल्या सळईला गंजापासून संरक्षण उरत नाही. इथे सळईच्या मागपर्यंत रंग आला नाही. गच्चीवर दर पावसाळ्याला गळती थांबवायला थापलेले थरावर थर, आणि त्या सगळ्यांचं वजन त्याच स्लॅबवर. दोन बीमना सळईच्या रेषेत लांब भेगा. वायरिंगला अर्थिंगच नाही.

दोन कंत्राटदारांनी अंदाज दिले. एक ११ लाख ४० हजार, दुसरा १३ लाख. शिवाय काम चालेल तोवर बाहेर भाड्याने राहणं वेगळं.

विकणाऱ्यांचं उत्तर पहिल्या दिवसापासून एकच. "साब, अट्ठाईस साल से रह रहे हैं, कुछ नहीं हुआ. पेंट करवा देंगे." सुभेदार साहेबांनी १२ लाख कमी मागितले, ९ वर तयार होते. समोरचे ३ च्या पुढे सरकले नाहीत. शेवटी साहेबांनी सौदा सोडला. २ लाखांपैकी १ लाख परत मिळाले, एक बुडाले.

आणि मग माजी सैनिकांच्या ग्रुपमध्ये सुरू झालं. फौजी की ज़बान. जबान देके फिर गया. एकाने तर लिहिलं, सिव्हिलियन असं करतात, आपण नाही. एका मराठी मित्रानेही खाली अंगठा लावला. त्याच्याशी आणि त्याच्यासारख्यांशी माझं भांडण आहे.

शब्द दिला होता हे खरं. पण कशाला दिला होता? डोक्यावर धड छप्पर असलेल्या घराला. ९२ लाख ही किंमत त्या घराची होती. जे घर निघालं त्याच्या पोटात बारा लाखांचं देणं दडलेलं होतं, आणि ते सौद्याच्या वेळी बोलण्यात नव्हतं. सुभेदार साहेब ईएमईचे, म्हणून त्यांच्याच भाषेत विचारतो. व्हाउचरवर 'गाडी चालू हालतीत' असं लिहिलेलं आहे, बॉनेट उघडलं तर इंजिन जाम. तुम्ही सही कराल? नाही केली तर तुम्ही शब्द मोडला असं वर्कशॉपमध्ये कोणी म्हणेल? उलट सही करणाऱ्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसेल. स्टोअरच्या मालाला जो नियम लावता तो स्वतःच्या पोराबाळांच्या घराला का लावत नाही?

नाम, नमक, निशान हे शब्द आपण रक्ताने कमावलेत. दलालाच्या ऑफिसात चहा पिता पिता ते टेबलावर ठेवून कोणी किंमत वसूल करत असेल तर मला राग येतो. एका फौजीने दुसऱ्या फौजीला घर विकताना भाईचारा दाखवायचा असेल तर त्याची जागा ठरलेली आहे: सौद्याच्या आधी स्वतःहून सांगावं, "भाऊ, किचनचा स्लॅब गळतो, दोनदा प्लॅस्टर केलंय." हे तो विकणारा नक्की जाणत होता. गच्चीवरचे ते थर आपोआप आले नव्हते.

आता इसाराच्या पैशाबद्दल. मी पाहिलंय, चांगली चांगली माणसं इथे अडकतात. एक लाख बुडेल म्हणून नऊ लाखांच्या खड्ड्यात उतरतात. हिशेब साधा आहे. साहेबांचे बुडाले १ लाख आणि इंजिनिअरचे १८ हजार. सौदा पुढे नेला असता तर ३ लाख सूट वजा जाऊन सुमारे ९ लाख वरचे घालावे लागले असते. आणि हे पैसे कुठले? पेन्शनीचा विकलेला भाग १५ वर्षं हातात येत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या गंजलेल्या सळईसाठी तुमची पेन्शन पंधरा वर्षं कापलेली राहणार. नोकरीत असताना कर्ज फेडता येतं, पुढचं प्रमोशन, पुढचा भत्ता असतो. सिक्युरिटीची नोकरी करून स्लॅब फेडायला निघालेले पन्नाशीचे हवालदार मी बघितलेत.

"आम्हीच दुरुस्त करून देतो" हा विकणाऱ्याचा दुसरा डाव. ऐकायला गोड. बळी पडू नका. विकणारा घर सोडून चाललाय, त्याला काम टिकण्याशी देणंघेणं नाही, खरेदीखत होईपर्यंत दिसायला नीट असलं की पुरे. तो गल्लीतला गवंडी आणतो, गवंडी सुटलेलं प्लॅस्टर पाडतो, गंजक्या सळईवर सरळ नवा गिलावा मारतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडत राहतो. दोन-तीन पावसाळ्यांत तेच प्लॅस्टर ताटात. नीट काम म्हणजे स्लॅबला खालून टेकू, सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणं, गंज घासणं, सळईवर लेप, जिथे सळई बारीक झाली तिथे जोडीला नवी सळई, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीट. आणि वरची गळती बंद केल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. हे काम तुमच्या पैशाने, तुमच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली झालं पाहिजे. म्हणून किंमत कमी करून घ्या, दुरुस्तीचं वचन घेऊ नका. किती कमी? दोन लेखी अंदाज, आणि वर थोडी जागा, कारण जुनं घर उघडलं की अंदाजापेक्षा जास्तच निघतं.

पण 'निम्मं-निम्मं करू' म्हणणारा प्रत्येक वेळी लबाड असतो असंही नाही. घर अठ्ठावीस वर्षांचं आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं. नळ जुने, फरशी झिजलेली, रंग उडालेला, दरवाजे पावसात फुगतात. याचे पैसे मागणं म्हणजे चावटपणा. ते ९२ लाखांत धरलेलंच होतं, नाहीतर नव्या घराचा भाव दिला असता. रिपोर्ट हातात आला की आधी त्यात लाल पेन्सिल घ्या. डोक्यावर पडू शकतं, शॉक बसू शकतो, पाया खचतोय, अशा गोष्टी एका बाजूला. वयाने आलेलं दुसऱ्या बाजूला. भांडण फक्त पहिल्यांसाठी.

"बँकेने पास केलंय ना?" हे वाक्य तर मी प्रत्येक छावणीत ऐकलं आहे. बँकेचा व्हॅल्युअर येतो, फोटो काढतो, क्षेत्रफळ मोजतो आणि हप्ते थकले तर हे घर केवढ्याला विकलं जाईल ते सांगतो. तो बँकेचा माणूस आहे. तो स्लॅबला हातोडी मारत नाही. त्याची फी मात्र आपणच भरतो, म्हणून तो आपला वाटतो.

काही जण यावर म्हणतात, मग जुनं घेऊच नये, आपल्या फौजी संस्थेचं नवं घ्यावं, तिथे फसवणूक नाही. फसवणूक नसेलही. पण काँक्रीटला रेजिमेंट नसते. कोचीच्या वैट्टिलाजवळ चंदर कुंज आर्मी टॉवर्स आहेत, आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनचे, २०१८ मध्ये ताबा दिलेले. तीन टॉवरांपैकी दोन इतके खराब निघाले की २०२५ च्या फेब्रुवारीत केरळ उच्च न्यायालयाने ते पाडून पुन्हा बांधायला सांगितलं. घरं कुणाची? आपल्यासारख्यांचीच, सेवेतल्या आणि निवृत्त लोकांची. तिथल्या रहिवाशांनी 'आपल्याच संस्थेविरुद्ध कसं बोलायचं' म्हणत गप्प बसायचं होतं का? ते तपासण्या मागत राहिले, कोर्टात गेले, म्हणून निकाल लागला. त्यांना कोणी शब्द फिरवणारे म्हणालं असेल तर म्हणो.

आणि ज्याला वाटतं रिपोर्ट दाबला की प्रश्न मिटतो, त्याने जोशीमठला पोस्टिंग केलेल्या कुणालाही विचारावं. ते गाव जुन्या दरडीच्या ढिगावर वसलंय, भारी बांधकाम करू नका, असं सरकारच्याच मिश्रा समितीने १९७६ साली लिहून ठेवलं होतं. बांधकामं होत राहिली. २०२३ च्या जानेवारीत भिंती फाटल्या आणि लोकांना घरं सोडून निघावं लागलं.

कायदा आपल्या बाजूने अगदीच नाही असं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ वाचा. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला, आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही सापडला नसता असा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर. तो लपवणं हा कपट समजला जातो. नवी इमारत असेल तर रेराच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. जुन्या घराला हे छत्र नाही. आणि कलम ५५ मधले 'साधी काळजी' हे शब्द दोन्ही बाजूंनी कापतात. उघड दिसणारी भेग तुम्ही बघितलीच नाही तर तुमचा वकीलही हात वर करेल.

म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय इसार देतानाच करायचा असतो. इसारपावतीवर किंवा साठेखतात एक ओळ घाला: 'खरेदी देणाराने नेमलेल्या' असा गोंधळ न करता सरळ, 'घेणाऱ्याच्या इंजिनिअरची तपासणी २१ दिवसांत होईल, बांधकामात मोठा दोष निघाला आणि किमतीवर एकमत झालं नाही तर इसार पूर्ण परत'. विकणाऱ्याने या ओळीला नाही म्हटलं तर १८ हजार वाचले, इंजिनिअरही बोलवू नका, पुढचं घर बघा. मुंबई-पुण्याकडे सोसायटीतला जुना फ्लॅट घेत असाल तर सेक्रेटरीकडे आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना ते ऑडिट सक्तीचं आहे. कागद 'सापडत नाही' म्हणाले तर ते उत्तरच समजा.

याच्या उलटा प्रकारही बघितलाय आणि तो सांगितला नाही तर हे लिहिणं एकतर्फी होईल. बेळगावात एका वीरनारीचं घर विकायचं होतं. नवरा गेल्यावर मुलांकडे जायचं म्हणून. घेणारा फौजीच, सेवेतला. त्याने कुणाकडून तरी आठ पानांचा रंगीत रिपोर्ट करून आणला आणि ताईंच्या पुढ्यात टाकला: घराला चौतीस भेगा, १५ लाख कमी करा. मी त्या भेगा बघितल्या. केसाएवढ्या, प्लॅस्टरमधल्या, विटांची भिंत आणि बीम यांच्या सांध्यावरच्या. दोन वेगवेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या फुगतात, तिथे अशी रेष येतेच. स्लॅब टणटणीत. एकाही सळईला गंज नाही. ताई रडकुंडीला आलेल्या, "भाऊ, यांनी उभं राहून बांधून घेतलं होतं हो, असं कसं झालं?" त्यांना रिपोर्टातला एक शब्द कळत नव्हता, आणि घेणाऱ्याला नेमकं तेच हवं होतं. हा माणूस आणि यापरालचा तो रंगारी मालक यांच्यात मला काही फरक दिसत नाही. एक दोष लपवून पैसे काढतो, दुसरा दोष बनवून. ताईंनी त्याच आठवड्यात आपला इंजिनिअर बोलावला, त्याने दोन पानांत उत्तर दिलं. घर पुढे दुसऱ्याला गेलं, सांगितलेल्या किमतीला. वीरनारीशी किंवा कुणाही एकट्या म्हाताऱ्या माणसाशी सौदा करताना रिपोर्टची प्रत त्यांच्या भाषेत समजावून द्या आणि त्यांनी दुसऱ्याकडून तपासून घ्यावं म्हणून वेळ द्या. एवढं नसेल जमत तर सौदा करू नका.

यापरालच्या घराचं एक राहिलं. सौदा मोडला त्या दिवशी सुभेदार साहेबांनी रिपोर्टची एक प्रत विकणाऱ्यांपुढे धरली. म्हणाले, ठेवा, तुमच्या उपयोगी पडेल. त्यांनी हातच लावला नाही. "नहीं नहीं, आप ही रखिए." ते कागदाला का घाबरले हे मला तेव्हाच कळलं. एकदा तो घरात आला की पुढच्या गिऱ्हाइकाला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणता येणार नाही. साहेब तर म्हणत होते, जाऊ दे, आपलं काम झालं. मी त्यांना नाही म्हटलं. पुढचा घेणाराही कोणीतरी हवालदार, नायब सुभेदारच असणार. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन प्रत स्पीड पोस्टने त्यांच्या पत्त्यावर पाठवली आणि पोहोच जपून ठेवली.

महिन्याभरात त्या घराला फिकट पिवळा रंग लागला. गेल्या आठवड्यात दारात सामानाचा ट्रक उभा होता, काळ्या लाकडी पेट्या, पांढऱ्या अक्षरात नंबर आणि नाव लिहिलेल्या. मी आत जाऊन भेटलो. पोहोचेची झेरॉक्स आणि रिपोर्ट साहेबांकडे आहे, एवढं त्यांना सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघराच्या छताकडे बघितलं आणि खरेदीखताची फाइल कुठल्या पेटीत आहे ते बायकोला विचारलं.